अकॅडमीची टीम सोडून पोराला नुसतं खेळू द्यायचंय, कसं करावं?

खानापूर_लोकल

मुलगा 11 वर्षांचा, सहावीला. बेळगावात एका फुटबॉल अकॅडमीच्या 12 वर्षांखालच्या टीममध्ये खेळतो. आठवड्यातून पाच दिवस दोन-दोन तास प्रॅक्टिस, रविवारी मॅच, आणि महिन्यातून एखादी फेरी गोवा, कोल्हापूर नाहीतर हुबळी. खानापूरहून एका बाजूचं अंतर 26 किलोमीटर, त्यामुळं घरी यायला रात्रीचे नऊ होतात. पंधरा दिवस झाले, दोन्ही टाचा दुखालेत म्हणतोय. त्याचं म्हणणं एकच, फुटबॉल सोडणार नाही, पण टीम नको.

जाणकारांनी तेवढं सांगा. टीममधून आत्ताच काढावं की सीझन संपू द्यावा? नोंदणीचं काय करायचं, एनओसी लागते का? गावात मजेपुरता फुटबॉल कुठं चालत नाही, तो आपणच सुरू करायचा तर किती पोरं आणि काय सामान लागेल? आणि 13-14 व्या वर्षी परत जावंसं वाटलं तर दार बंद होतं का?

टचलाइन

आधी एक उलगडा करून घ्या. "टीम नको" म्हणजे नक्की काय नको? प्रवास, रविवारची मॅच, बाकावर बसणं, एकाच जागी खेळवणं की बाहेरून होणारा आरडाओरडा? एकदम विचारलं तर पोरगं "काय नाही" म्हणतं. एकेक गोष्ट वेगळी काढून विचारा, तीही मॅचच्या दिवशी नको. फक्त प्रवास नको असेल तर त्याच अकॅडमीत दोन दिवसांची बॅच मागून बघा, बऱ्याच ठिकाणी देतात. गाडीवर मागं बसवून येताना मॅचची चिरफाड चालत असेल तर ती आजच थांबवा. मग कदाचित टीम सोडायचीही गरज पडणार नाही.

तुमचा हिशोब मांडला तर प्रॅक्टिसचे 10 तास आणि मॅचचे दीड-दोन, म्हणजे 12 च्या घरात. मुलांच्या क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम वापरतात, की आठवड्याचे शिस्तीतल्या खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नसावेत. शिवाय शिस्तीतला खेळ आणि मोकळा खेळ यांचं प्रमाण दोनास एकपेक्षा पुढं जाऊ नये. तुमच्या पोराच्या वाट्याला मोकळा खेळ जवळजवळ शून्य आलाय. आणि या वयाला झोप 9 ते 12 तास लागते. नऊला घरी, मग जेवण, गृहपाठ. सकाळी शाळा असताना ती कशी भरणार?

कधी सोडायचं तर, खेळाडूंची यादी गेलेली स्पर्धा असेल तर तेवढी पार पाडणं बरं. यादी बंद झाल्यावर बदली खेळाडू घेता येत नाही आणि उरलेली पोरं अडकतात. नवीन यादी जायच्या आधी आणि पुढची तिमाही फी भरायच्या आधी कोचना समक्ष भेटून सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करू नका, आणि पोराला स्वतः सांगायला लावू नका. "टॅलेंट वाया जाईल" हे ऐकायची तयारी ठेवा. त्यावर वाद घालत बसू नका, तारीख सांगा आणि या.

सगळ्यात जास्त फसतं ते पुढं. लोक आधी टीम सोडतात आणि मग पर्याय शोधतात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत संध्याकाळ मोबाईलला जाते, ती परत मिळत नाही. आधी गावातला वार आणि वेळ ठरवा, दोन रविवार खेळून बघा, मग अकॅडमीला सांगा.

दार बंद होण्याची भीती या वयात सोडा. 12 खालच्या गटात जे भारी दिसतात त्यातले बरेच नुसते लवकर उंच झालेले असतात. मुलांची उंची सगळ्यात वेगानं वाढते ती सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास, आणि तिथं सगळी उतरंड बदलते. परत जायचं तर चेंडूवरचा हात (म्हणजे पाय) शाबूत पाहिजे. भिंतीवर दोन्ही पायांनी रोज पंधरा मिनिटं पास, बास.

पोटरी_आणि_टाच

फिजिओथेरपीतला माणूस म्हणून वरच्या एका मुद्द्याला हरकत. टाचा दुखत असतील तर "तेवढी स्पर्धा पार पाडा" चालणार नाही.

8 ते 14 वयात, खेळणाऱ्या पोराच्या टाचा मागून दुखल्या तर पहिला संशय सेव्हर्सचा, म्हणजे वाढत्या वयातल्या टाचेच्या दुखण्याचा. टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला वाढीची कूर्चा असते आणि पोटरीचा स्नायू टाचशिरेतून तिथंच ओढ देतो. हाड भरभर वाढतं, पोटरी त्या मानानं आखूड पडते, वर रोज पळणं-उड्या. मग ती जागा सुजते. घरी एक बघा. टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. तिथं कळ आली, आणि चवड्यावर चालताना वाढली, तर बहुतेक तेच. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून पक्कं करा. रात्री झोपेत दुखणं, ताप, उघड सूज, किंवा एकाच पायानं लंगडणं असेल तर वाट बघू नका, लगेच जा.

मजेपुरता खेळ सुरू केला की टाच आपोआप बरी होईल हा गैरसमज नको. टाचेला स्पर्धा आणि मजा यातला फरक कळत नाही, तिला उड्या आणि धक्के कळतात. काँक्रीटवर पातळ अंथरलेल्या टर्फवर रोज दीड तास "मजा" केली तर दुखणं तसंच राहील. दोन-तीन आठवडे पळणं-उड्या बंद. सायकल, पोहणं चालेल. पोटरीचे ताण दिवसातून दोनदा, भिंतीला हात टेकून, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून, प्रत्येकी 30 सेकंद तीन वेळा. खेळून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळून बर्फ. बुटात टाचेखाली मऊ जेलची गादी घाला, ती दोन्ही बुटांत. एकाच पायात घातली तर चाल बिघडते.

परत सुरू करताना कसोटी साधी आहे. एका पायावर दहा उड्या, न दुखता, दोन्ही पायांवर. मग आठवड्याला दोनच दिवस, मध्ये किमान एक दिवस रिकामा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच दुखली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

आणि स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट. आपल्याकडच्या लाल कडक मातीवर, उन्हाळ्यात तर दगडच तो, सहा-आठ लांब स्टडचे बूट टाचेवर हातोडा मारल्यासारखे बसतात. बारीक आखूड रबरी स्टडचे टर्फ शूज घ्या.

खानापूर_लोकल

चिमटीत दाबल्यावर ओरडला. उद्याच दाखवतो, आणि रविवारची मॅच रद्द.

गल्लीत आणि शाळेत विचारलं तर नऊ पोरं तयार आहेत, वयं 9 ते 13. एवढ्यांत जमेल का? आणि कागदपत्रांचं कुणीच लिहिलं नाही.

रविवार_सकाळ

कागदपत्रांचं मी सांगतो. गावात, शाळेच्या मैदानात मजेनं खेळायला कुणाची एनओसी लागत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत, नोंद झाली असेल तर तिथला नंबर पोराचा आहे, अकॅडमीचा नाही. तो लिहून घ्या. दुसऱ्या क्लबाकडून नोंदणीकृत स्पर्धा खेळायची वेळ आली की मग रिलीज-ट्रान्सफरचा प्रश्न येतो. निपाणी-चिकोडीकडची पोरं कोल्हापूरला ओढली जातात, त्यांना तर राज्य बदलतं म्हणून आंतरराज्य ट्रान्सफर. तुम्हाला आत्ता यातलं काही नको. सोडताना साध्या कागदावर तारखेसह अर्ज द्या, पोच घ्या. जन्मदाखला किंवा आणखी काही मूळ कागद तिकडं राहिले असतील तर त्याच दिवशी परत मागा.

याच निमित्तानं एक दुरुस्ती करून टाका. आपल्या भागात हमखास घोळ होतो तो नावाचा. शाळेच्या दाखल्यावर कर्नाटकी पद्धतीनं आद्याक्षरं, आधारवर मुलाचं-वडिलांचं-आडनाव असं पूर्ण नाव, आणि जन्मदाखल्यावर कानडीतून इंग्रजीत गेलेलं तिसरंच स्पेलिंग. दोन वर्षांनी वयोगटाच्या नोंदणीला नेमकं तिथंच अडतं, आणि शेवटच्या आठवड्यात ते सुटत नाही.

नऊ पोरं पुरेत, पण यादी बाराची करा. रविवारी दोन-तीन गळतातच. बारा आली तर चौघांच्या तीन टीम, गोली नाही, मैदान साधारण 30 बाय 20 मीटर, गोल दीड मीटरचे. गोलला दोन चपला किंवा कोन चालतात. सहा मिनिटांचा एक डाव, घड्याळावर, आणि टीम पाळीनं बदलायच्या. नऊ डाव झाले की प्रत्येक टीमला सहा डाव, म्हणजे 36 मिनिटं खेळ मिळतो. टर्फवर चालतो तो "जिंकेल तो मैदानात" नियम इथं अजिबात आणू नका. त्यात ज्याला खेळायची जास्त गरज तोच जास्त वेळ बाहेर बसतो, आणि चौथ्या रविवारी येत नाही. नऊच आली तर चार-चार आणि एक पोर मधला, ज्याच्याकडं चेंडू त्याच्या बाजूनं खेळणारा. तो दर तीन मिनिटांनी बदला.

9 आणि 13 एकत्र म्हणजे वजनात दीडपट फरक. प्रत्येक टीममध्ये लहान-मोठी मिसळून वाटा, मोठे एका बाजूला जाऊ देऊ नका. तेरावाल्यांना गोल फक्त डाव्या पायानं, डावरा असेल तर उजव्या. खांद्यानं ढकलणं आणि घसरून टॅकल बंद.

सामान म्हणाल तर दोन चेंडू, आठ कोन, दोन रंगांची सहा-सहा बिब (टीम ओळखायला शर्टावर घालायची बंडी), हातपंप आणि त्याच्या दोन सुया. सुई मोडतेच.

टचलाइन

टाचेबद्दल हरकत मान्य. दुखत असेल तर यादी गेली काय न गेली काय, पोरगं बाहेर.

साईड_बेंच

शाळेच्या टीमला का नाही घालत? फी नाही, प्रवास नाही.

रविवार_सकाळ

घालता येईल, पण तीही स्पर्धाच. क्लस्टर, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आहे, हरली की संपलं. मोसम थोडक्यात आटोपतो हा फायदा. पण बऱ्याच शाळांत महिनाभर आधी अचानक रोज दोन वेळा प्रॅक्टिस सुरू होते, आणि सेव्हर्सच्या टाचेला तोच अचानक वाढलेला भार नडतो. यंदा नको, पुढच्या वर्षी टाच बघून ठरवा.

खानापूर_लोकल

चेंडू कितीचा घ्यायचा? दुकानदार चार नंबरचा म्हणून जो देतोय तो उसळतच नाही.

रविवार_सकाळ

तो फुटसालचा. त्याच्यावरही चार नंबरच लिहिलेला असतो, पण वजन 400 ते 440 ग्रॅम, आणि 2 मीटरवरून सोडला तर जेमतेम 50 ते 65 सेंटिमीटर उसळतो. गुळगुळीत फरशीसाठी आहे तो, मातीवर मेल्यासारखा पडतो. तुम्हाला मैदानी चार नंबर पाहिजे, घेर 63.5 ते 66 सेंटिमीटर, वजन 350 ते 390 ग्रॅम. शिवलेला महाग पडतो आणि पावसात पाणी पितो. खानापूरच्या पावसाला मोल्डेड रबरी घ्या. हवा घट्ट भरू नका, अंगठ्यानं दाबल्यावर जरा आत गेला पाहिजे.