बेडूक परत सापडला म्हणून तळं आटवणारे सुटतात का?

रानवाटा, खानापूर:
कळसा-भांडुराचा, म्हणजे म्हादईच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेचा, विषय निघाला की हल्ली कुणीतरी इस्राएलचा बेडूक पुढं करतंय. हुला सरोवर आणि भोवतालची दलदल तिथं 1950च्या दशकात आटवली, शेतीसाठी आणि मलेरिया हटवायला. काळ्या पोटावर पांढरे ठिपके असलेला तिथला बेडूक 1955 नंतर दिसेना. 1996 साली आययूसीएननं (निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना) तो नामशेष ठरवला आणि 2011 मध्ये तो परत सापडला. लगेच निष्कर्ष तयार: पाणी वळवलं तरी काही मरत नाही! माझ्या मते हे उदाहरण त्यांच्याच अंगावर उलटतंय.

मलप्रभाकाठ, सौंदत्ती:
उलटतंय कसं? शास्त्रज्ञांनी तो मेला म्हणून सांगितलं, तो जिवंत निघाला. 1943 साली नाव दिलं ते दोन मोठे बेडूक आणि दोन बेडूकमासे बघून. त्यातही मोठ्यानं धाकट्याला गिळलेलं! एवढ्यावर जग चालवायचं? उद्या भीमगड अभयारण्यात एक बेडूक दाखवून आमचं पाणी अडवाल. म्हादई पाणीवाटपाच्या लवादानं 2018 साली कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलंय, फुकटचं मागत नाही आम्ही.

रानवाटा, खानापूर:
दादा, तो सापडला कुठं ते बघा की. आटवताना दलदलीचा एक तुकडा राखला, 1964 साली तो देशातलं पहिलं राखीव क्षेत्र झाला. बेडूक तिथंच सापडला, शेतात नव्हे. आटवलेली जमीन खचली, पेटली, शेवटी काही भागात परत पाणी सोडावं लागलं.

दगडाखाली:
वर्गीकरणाचं कुणीच बोलेना. आधी तो डिस्कोग्लॉसस वंशात (जवळच्या प्रजातींच्या गटात) होता. 2013 मध्ये हाडं आणि जनुकं तपासली तर निघाला लॅटोनिया, जो वंश तोवर फक्त जीवाश्मांत माहीत होता. म्हणजे जाणार होती एका वंशाची शेवटची प्रजाती. आपल्याजवळच्या कॅसलरॉकच्या रातबेडकालाही नाव मिळालं 2005 साली. रानवाटा, तुमच्याही बाजूचं एक खटकतंय: ‘नामशेष’ शिक्का बसला की शोधणारेच कमी होतात.

मलप्रभाकाठ, सौंदत्ती:
वंश मोठा असेल, खरं बोअर आटल्यावर तो वंश प्यायला पाणी देत नाही. कालवा जातो त्या कणकुंबीतले बेडूक मोजायचे तर मोजा. किती पावसाळे लागतील, तेवढं आधी सांगा.

रानवाटा, खानापूर:
दोन तरी. आणि खणायच्या आधी.