मार्कस ऑरेलियस एवढा शहाणा, मग कमोडसला गादी का दिली?

निवांतवाचक:
सध्या रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचं 'मेडिटेशन्स' वाचतोय, निम्मं झालंय. माणूस पानोपानी सांगतो राग आवर, कौतुकाच्या मागे लागू नको, मरण कधीही येईल, आणि हाच माणूस इ.स. १७७ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या आपल्या पोराला, पुढे नालायक ठरलेल्या कमोडसला बरोबरीचा सम्राट करून मोकळा होतो! आधीच्या सम्राटांनी दत्तक घेऊन लायक माणसं निवडली ना, मग ह्यालाच काय झालं? की स्टोइक तत्त्वज्ञान, मनावर ताबा वगैरे सगळं लिहिण्यापुरतंच?

जुनी_नाणी:
दत्तकाचं जरा जास्तच कौतुक होतं राव. नर्व्हा, ट्राजन, हॅड्रियन, अँटोनिनस पायस, कुणालाच मागे मुलगा उरला नव्हता, म्हणून दत्तक. मार्कसला बायको फाउस्टिनापासून डझनभराहून जास्त मुलं झाली, पण मुलग्यांमध्ये शेवटी कमोडस एकटाच उरला. आता पोटचा पोरगा असताना गादी दुसऱ्याला दिली तर त्या पोराला एक तर कुणीतरी मारणार नाहीतर त्याच्या नावाने बंड करणार. आणि १७५ मध्ये मार्कस मेल्याची अफवा काय उठली, पूर्वेकडे त्याच्याच सेनापतीने, अविडियस कॅसियसने स्वतःला सम्राट जाहीर करून टाकलं. त्यानंतर वारस पक्का करायची घाई होणारच की.

रात्रपाळी:
कॅसियसचं निघालंच आहे तर पुढचंही ऐका. त्याच्याच माणसांनी त्याला मारून मुंडकं आणलं, तर मार्कसने बघायलाही नकार दिला, पुरून टाका म्हणाला. बंडातली पत्रंसुद्धा न वाचताच जाळली गेली असं सांगतात, वाचली असती तर सिनेटमधले कोण कोण सामील होते ते कळलं असतं आणि मग शिक्षा करणं आलं. हे लिहिण्यापुरतं वाटतं का?
आणि ते पुस्तक नाहीच हो, स्वतःपुरती वही आहे, ग्रीकमधली. एका ठिकाणी नोंद आहे 'क्वाडींच्या मुलखात' (क्वाडी ही जर्मन टोळी), दुसरीकडे 'कार्नुंटम', म्हणजे डॅन्यूब नदीकाठची लष्करी छावणी. एकीकडे मार्कोमानी ह्या जर्मन टोळीशी लढाई, दुसरीकडे रोगाची साथ, आणि पाचवा भाग सुरू कशाने होतो तर सकाळी उठवत नाही ह्याने! ऊठ, माणसाचं काम करायचंय, तर मन म्हणतं इथे छान ऊब आहे. ज्याला राग येतच नाही तो रागावू नको असं परत परत कशाला लिहील?

निवांतवाचक:
पत्रांचं माहीत नव्हतं, भारी आहे. पण १६१ मध्ये स्वतः दत्तक भाऊ ल्युसियस व्हेरसला सहसम्राट म्हणून जोडीला घेतलं होतं, तसा कमोडसबरोबर एखादा अनुभवी माणूस नसता का देता आला? जावई पोम्पेयानस होता की, चांगला सेनापती.

जुनी_नाणी:
सल्लागार म्हणून होताच तो. १८० मध्ये मार्कस गेल्यावर त्याने कमोडसला सांगून पाहिलं, युद्ध अर्धवट सोडू नकोस. पोरगा तह करून रोमला परत.

काळंमांजर:
सगळे फारच गोड बोलताय. ज्या गुरू रस्टिकसने मार्कसला एपिक्टेटस ह्या स्टोइक तत्त्वज्ञाची शिकवण वाचायला दिली त्यानेच पुढे रोमचा प्रीफेक्ट (शहराचा मुख्य अधिकारी) असताना जस्टिन ह्या ख्रिस्ती विचारवंताला मृत्युदंड दिला. आणि एपिक्टेटस स्वतः गुलाम होता ना? चेला सम्राट झाला, १९ वर्षं राज्य केलं, गुलामगिरी जिथल्या तिथेच. मला कमोडसपेक्षा हे जास्त खटकतं.