टोळीयुद्धातल्या खुनाची साक्ष: समन्स आलंय, काय बोलू?

वागळेची_ताई
वागळे इस्टेटला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. २०२१ साली समोरच दोन टोळक्यांत कोयते निघाले आणि एक पोरगा गेला. मी शटर अर्धं ओढलं होतं. खालून पाय दिसत होते सात-आठ जणांचे, आणि वाकल्यावर दोघांचे चेहरे. ते रोज पार्सल न्यायचे, म्हणून ओळखले. वार कोणाचा ते नाही दिसलं. आता ठाणे सेशन्स कोर्टाचं समन्स आलंय. जबाबात मात्र "चौघांनी वार केले" असं लिहिलंय आणि त्यावर माझी सहीच नाही. परवा एका आरोपीचा भाऊ काही न घेता दुकानात बसून राहिला. मिस्टर म्हणतात, "आठवत नाही" सांग आणि मोकळी हो.

नाना_कळवा
मिस्टरांचं ऐका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

खाकी_निवृत्त
नाना, पायरी त्या चढणारच, समन्स आलंय.
ताई, मी पोलिसांत पैरवीला होतो, म्हणजे खटल्यांची कोर्टातली कामं बघायला, निम्मी नोकरी कोर्ट नाक्यावर गेली. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेतच नाहीत, तो कायदाच आहे. चौघांचं तुम्ही बोलला नसाल तर कोर्टात तसं सरळ सांगा. वार दिसला नाही म्हणून साक्ष वाया जात नाही. पाच किंवा जास्त जण एका उद्देशाने जमले आणि त्यात खून झाला, तर तो जमावातल्या प्रत्येकावर येतो. गुन्हा २०२१चा, म्हणजे जुनीच कलमं, ३०२ (खून) आणि १४९ (बेकायदा जमाव). न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. म्हणून आरोपीचा वकील वारापेक्षा "आमचा माणूस नुसता बघ्या होता" यावरच तुम्हाला पिळणार. तुमचे दोन चेहरे तिथे कामाला येतात. गर्दीच्या खटल्यात दोन-तीन साक्षीदारांचं जुळतंय का हे कोर्ट पाहतं, सुप्रीम कोर्टाच्या १९६४च्या मसलती खटल्यातल्या निकालापासून.
"आठवत नाही" म्हणालात तर फितूर ठरवून सरकारी वकीलच उलटतपासणी घेईल. वर खोट्या साक्षीची टांगती तलवार.
त्या भावाचं लेखी द्या, आजच. साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज जातो, धोक्याचा अहवाल एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) देतो. दुकानातलं फुटेज जपून ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत पुसलं जातं.

वागळेची_ताई
फुटेज आजच काढते. एक विचारू? त्या दोघांतल्या एकाच्या हातात आमच्याच दुकानाची पिशवी होती, भाजी होती त्यात. हे पोलिसांना बोलले नव्हते. कोणी विचारलंही नाही.

खाकी_निवृत्त
अहो, हे त्याच्या बाजूनेही जाऊ शकतं! सरकारी वकिलांना साक्षीआधी भेटून सांगा, आणि कोर्टात विचारलं तर जसंच्या तसं. दुसरा हात रिकामा होता का, ते आठवतंय?

वागळेची_ताई
दुसरा दिसला नाही. शटरच्या वर होता.