सोलापुरात व्हाइटवॉटर पार्क? आधी क्लब उभा राहू द्या

प्रेषक: स्टॉकटनची सदस्य (सध्या सोलापुरात)
प्रति: सर्व सदस्य

मंडळी, नमस्कार.

सुट्टीला घरी आले आहे. गल्लीतली कॉलेजची पोरं माझे इंग्लंडमधल्या स्टॉकटनच्या टीस नदीवरचे कयाकिंगचे (खळाळत्या पाण्यात छोटी बोट वल्हवायचे) व्हिडिओ बघत बसली होती. सगळ्यांचं एकच, "ताई, हे आपल्याकडं का नाही ओ?" तेव्हापासून डोक्यात आहे की मंडळाचा यंदाचा निधी या कामाला द्यावा.

नव्या सदस्यांसाठी थोडं सांगते. टीस बराज, म्हणजे नदीवरचा दरवाज्यांचा बंधारा, 1995 मध्ये झाला. तो भरतीचं पाणी अडवतो आणि वरची नदी कायम एका पातळीला ठेवतो. ओहोटीला दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक पडायचा, त्या उतारावर शेजारचा कृत्रिम प्रवाह, म्हणजे कयाकिंगचा कोर्स, खळाळायचा. भरती आली की उतारच संपला, खेळ बंद. 2011 मध्ये तिथे आर्किमिडीज स्क्रू (फिरणारी मोठी मळसूत्रं) बसवले. ते पाणी वर चढवतात, त्यामुळे आता भरतीच्या वेळापत्रकावर अडत नाही. आमचा क्लब तिथेच सराव करतो. हिवाळ्यात आम्ही बंदिस्त जलतरण तलावात बोट उलटवून परत सरळ करायला शिकवतो.

उजनी आपल्याकडे आहे, भीमा आहे. बंधाऱ्याखाली पाणी पडतं तिथे छोटा कोर्स करता येईल का?

---

प्रेषक: जुळे सोलापूरहून, काका
प्रति: सर्व सदस्य

पोरी, तुझा मेल दोनदा वाचला. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं आणि मुलाकडे स्टॉकटनला असताना त्या कोर्सच्या कठड्याशी मी तासन् तास उभा असायचो. त्यामुळे मनापासून लिहितो. बंधाऱ्याखाली कोर्स हा विचार आजच सोडून दे.

आपले कोल्हापुरी बंधारे वरून गरीब दिसतात. पण बर्ग्यांवरून, म्हणजे गाळ्यांत बसवलेल्या फळ्यांवरून, पाणी सरळ खाली पडतं तेव्हा तळाशी जाऊन ते पुन्हा बंधाऱ्याकडेच उलटं वळतं, आणि हे काठापासून काठापर्यंत एकसारखं चालतं. त्यात सापडलेला माणूस खाली जातो, वर येतो, परत भिंतीकडे ओढला जातो. पट्टीचा पोहणाराही दमतो. टीसवरच्या कोर्समध्येही लाटा आणि उलटं पाणी आहे, पण प्रत्येक उलट्या पाण्याला बाजूने सुटायची वाट ठेवलेली असते आणि शेजारी थांबायला शांत कोपरा असतो. आपला बंधारा पाणी अडवायला बांधला आहे. त्यात ती वाट नाही.

आता पाण्याचं. लंडनच्या 2012 ऑलिंपिकसाठी ली व्हॅलीला जो कोर्स केला, तो 300 मीटरचा, उतार साडेपाच मीटरचा, आणि सेकंदाला 13 घनमीटर पाणी. आपल्या हिशेबात जवळपास 460 क्युसेक. पुरात उजनीतून लाखावर क्युसेक सुटतात, त्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण एप्रिल-मे आठव. उजनी 117 टीएमसीची म्हणतो, त्यातला उपयुक्त साठा 53 टीएमसीच्या आसपास, आणि उन्हाळ्यात रोजच्या पेपरात 'उजनी मायनसमध्ये'. शहरासाठी नदीत पाणी सोडायचं, औजच्या बंधाऱ्यात अडवायचं, टाकळीहून उपसायचं, ही आपली वर्षानुवर्षांची रीत. वर्षानुवर्षं चार-चार दिवसांआड नळ आलेल्या गावात नुसत्या खेळासाठी पाणी सोडा म्हणणं मला पटत नाही, लोकांनाही पटणार नाही. ली व्हॅलीत पंपाने तेच तेच पाणी फिरवतात, तो मार्ग आहे. पण त्याचं वीजबिल आपल्या मंडळाच्या आवाक्यातलं नव्हे.

खळाळतं पाणी पोरांना दाखवायचंच असेल तर कोलाडला न्या. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सुटलेल्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. पाणी विजेसाठी सुटतंच, खेळ त्याच्यावर स्वार होतो. ही रीत मला फार आवडते. स्लॅलमची (टांगलेल्या खांबांमधून बोट काढायच्या शर्यतीची) आवड लागली तर मध्य प्रदेशात महेश्वरला नर्मदेवर सहस्रधारा आहे. खेलो इंडियाच्या स्लॅलम स्पर्धा 2023 मध्ये तिथेच झाल्या.

पण आपल्याला आज क्लब हवा आहे. हिप्परग्याचं तळं आहे, 1871 चं. उजनीचं फुगवट्याचं पाणी आहे, तिथे कोळी बांधव रोज होड्या चालवतात. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, हे अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बोट उलटली तर काय करायचं, हे त्या काठावरच्या प्रत्येक पोराला आलं पाहिजे. तुझ्या क्लबकडून मला हेच हवं आहे.

---

प्रेषक: नॉटिंगहॅमहून, एक सदस्य
प्रति: सर्व सदस्य

काकांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमच्याकडे ट्रेंट नदीवर होम पिअरपाँटचा कोर्स 1986 पासून आहे, पण शिकाऊ मुलांना आम्ही आधी शेजारच्या संथ तलावातच उतरवतो. निधी द्यायचा तर मापाची लाइफ जॅकेटं, हेल्मेटं आणि दोरीच्या फेकपिशव्यांना द्या.

---

प्रेषक: स्टॉकटनची सदस्य
प्रति: काका, सर्व सदस्य

काका, बंधाऱ्याचा विचार सोडला. आज सकाळी महापालिकेच्या जलतरण तलावावर पोरांना फेकपिशवी दाखवली. दोरीचं टोक आपल्या हातात, पिशवी पाण्यातल्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची, म्हणजे दोरी त्याच्या अंगावर पडते. त्याने दोरी छातीशी धरून पाठीवर तरंगायचं, ओढ्यात असेल तर पाय प्रवाहाच्या दिशेला. पहिल्या फेकीत सगळ्यांच्या पिशव्या अलीकडेच पडल्या. तासाभरात नेम बसायला लागला, आणि सगळ्यांत लांब फेक गेली ती सगळ्यांत बारक्या पोराची.

आता दोन गोष्टी हव्यात. हिप्परग्याला उतरायची रीतसर परवानगी कुणाकडून घ्यायची, ते काका तुम्ही खात्यातल्या जुन्या लोकांना विचारा. आणि कुगावकडच्या होडीवाल्यांपैकी कुणी दोघे-तिघे शिकवायला तयार होतात का ते बघा, कारण वाऱ्याचा अंदाज त्यांच्याइतका आमच्यातल्या कुणाला नाही. त्यांना मानधन द्यायला निधीतला पहिला पैसा जावा, असं माझं मत आहे. ज्यांना हरकत असेल त्यांनी रविवारच्या बैठकीआधी लिहा.