सरकारी पैशातलं संशोधन कुलपात का ठेवायचं?

खाजणवाला, बेलापूर
मागच्या उन्हाळ्यातलं आधी सांगतो मग मुद्द्यावर येतो. माझ्या चुलतभावाचं खाडीलगत जिताडा माशाचं तळं आहे. पिल्लं बोटाएवढी झाली की दर तीन-चार दिवसांनी टबात काढून मोठी-छोटी वेगळी करायची, नाहीतर मोठं पिल्लू छोट्याला गिळतं, आणि हे सगळं तो आणि वहिनी दोघंच हाताने करायचे. एवढं सांभाळून एका दुपारी अर्धं तळं पांढरं पोट वर करून तरंगायला लागलं. अमोनिया तर तो रोज सकाळी किटने बघायचा, आणि मीच त्याला नेटवर एका शोधनिबंधाचा सारांश वाचून सांगितलेलं की इतक्या अमोनियाला पिल्लं तगतात, आपण त्याच्या आत आहोत, टेन्शन घेऊ नको.

नंतर ओळखीतल्या एका मुलीने कॉलेजातून पूर्ण पेपर काढून दिला तेव्हा कळलं की त्यांचं पाणी टाकीतलं होतं, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) साडेसात. आमच्या तळ्यात हिरवं शेवाळ, ऊन चढलं की पीएच ९ ला टेकतो. २८ अंशाच्या पाण्यात पीएच साडेसातला एकूण अमोनियातले १०० पैकी २-३ भागच विषारी रूपात असतात, ९ ला तेच ३५-४० होतात. किटवर आकडा तोच दिसतो आणि विष पंधरा पटीच्या आसपास गेलेलं असतं. सारांश फुकट होता, पीएचची ओळ पैसे भरून वाचायची होती, माझा राग याच्यावर आहे.

आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांची (जर्नल) वर्गणी सरकारने एकत्र भरायची योजना, नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालं, ३ वर्षांचे ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल. उघडणार कुणाला तर सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्था, ६,३०० च्या वर आहेत. भाऊ टॅक्स भरतो पण त्याला लॉगिन नाही. माझं म्हणणं एवढंच, आपल्या पैशातून झालेलं संशोधन टेबलांसकट सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

वाशीकर_केमिस्ट्री
दादा, भावाचं नुकसान वाचून वाईट वाटलं, पण मी विरोधात आहे. मी स्वतः पेपर लिहितो. पेपर हा दुसऱ्या संशोधकासाठी लिहिलेला असतो, तळ्यासाठी नाही. उद्या कोणी कोळंबीवरचा प्रयोग वाचून क्लोरॅम्फेनिकॉल तळ्यात ओतेल, ते मत्स्यपालनात बंदी असलेलं औषध आहे, पेपरात मात्र डोस स्वच्छ लिहिलेला सापडेल. कोण जबाबदार?

आणि ओपन म्हणजे फुकट नसतं हो. वाचणाऱ्याने नाही भरले तर लिहिणाऱ्याने भरायचे. नेचरने २०२० मध्ये ओपन छापायची फी जाहीर केली ती ९,५०० युरो. आमच्या डिपार्टमेंटला वर्षभराची काचेची भांडी घ्यायला तेवढे मिळत नाहीत.

आकाशवेडा_घोडबंदर
सर, फी न भरता पण होतं, खगोलवाले कधीपासून करतायत. १९९१ ला अर्काइव्ह हा पेपर फुकट ठेवायचा ऑनलाइन साठा सुरू झाला, आज खगोलाचा क्वचितच एखादा पेपर असेल जो तिथे फुकट मिळत नाही. मी बँकेत नोकरी करतो, रात्री घरी येऊन पल्सार ताऱ्यांवरचे पेपर वाचतो, कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, प्रत्येक ४५ मीटरची, तिथला डेटासुद्धा ठराविक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो.

वाशीकर_केमिस्ट्री
तुमच्याच खगोलातलं सांगतो. मार्च २०१४ ला बायसेप-२ या दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीवाल्यांनी जाहीर केलं की विश्वाच्या सुरुवातीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली, पेपर तपासून छापायच्या आधीच जगभर बातम्या. पुढे निघालं काय, आपल्याच आकाशगंगेतली धूळ. तारा चुकीचा वाचला तर कुणाचं तळं मरत नाही म्हणून तुम्हाला ते चालतं. औषध, रसायन, मासे इथे चालणार नाही.

आकाशवेडा_घोडबंदर
पण सर ती चूक पकडली कशी? पेपर उघडा होता म्हणून बाकीच्यांनी लगेच बोट ठेवलं, काही महिन्यांत शंका छापून आल्या, २०१५ च्या सुरुवातीला प्लँक उपग्रहवाल्यांबरोबर मिळून केलेल्या तपासणीत तो दावा उरलाच नाही. कुलपात असता तर वर्षानुवर्षं तसाच राहिला असता.

ग्रंथपाल_ठाणे
मत्स्यशास्त्राच्या लायब्ररीत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून बोलते. तुम्ही दोघं जर्नलवरच अडकलात. मच्छीमाराला उपयोगी पडणारं अर्ध्याहून जास्त ज्ञान जर्नलमध्ये कधी आलंच नाही, ते बुलेटिन, सर्व्हे रिपोर्ट, प्रबंध, प्रशिक्षणाच्या पुस्तिका यांत पडून आहे. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) स्वतःचं असलं साहित्य केव्हाच ऑनलाइन खुलं केलंय, १९४७ पासूनची संस्था आहे. जगातल्या सागरी लायब्रऱ्यांची आयमस्लिक नावाची संघटना आहे, युनेस्कोच्या मदतीने ॲक्वाडॉक्स हा ऑनलाइन साठा चालवतात, तेही फुकट. शेतीच्या प्रबंधांसाठी कृषीकोश नावाचा तसाच साठा. आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषद) तर २०१३ पासून ओपन ॲक्सेसचं धोरण आहे की लेखकाने आपली प्रत संस्थेच्या साठ्यात ठेवायची. खाजणवाले दादा, धोरण आहे, प्रत ठेवायला सांगायला मागे लागणारं माणूस नाही. ग्रंथपालाची जागा रिकामी झाली की भरतच नाहीत, मग प्रती कोण गोळा करणार?

रबाळे_सेफ्टी
मी खाजणवाल्यांशी सहमत नाही, आणि कारण वेगळं आहे. टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक भागात, केमिकलच्या ड्रमबरोबर धोका आणि काळजी सांगणारी सेफ्टी डेटा शीट येते. १६ भाग असतात, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात ग्लोव्हज-मास्क कुठले, अकराव्यात शरीरावर काय परिणाम. फुकट आहे, उघडी आहे. भोपाळनंतर १९८७ ला फॅक्टरी ॲक्टमध्ये ४१-बी कलम टाकलं, धोक्याची माहिती कामगाराला द्यायलाच पाहिजे. तरी मी ज्या प्लांटला होतो तिथे ती शीट ऑफिसच्या कपाटात फाइल करून ठेवलेली, इंग्रजीत, आणि ड्रम उघडणारा पोरगा उघड्या हाताने सॉल्व्हंटमध्ये फडका बुडवून मशीन पुसायचा. हाताची कातडी लसणाच्या सालीसारखी निघायची. मी त्याला शेजारी बसवून आठवा भाग मराठीत वाचून दाखवला, ड्रमवर मार्करने ग्लोव्हजचं नाव लिहिलं, तेव्हा बदल झाला. उघडं केलं म्हणजे पोचलं असं नसतं. आणि अकराव्या भागात कितीदा लिहिलेलं असतं, डेटा उपलब्ध नाही. पोरं त्याचा अर्थ धोका नाही असा घेतात.

खाजणवाला, बेलापूर
सेफ्टीवाले भाऊ, तुमचं शंभर टक्के मान्य, मराठीत सांगणारा माणूस पाहिजेच. पण तुमच्याकडे आठवा भाग होता म्हणून तुम्ही वाचून दाखवू शकलात. माझ्याकडे तो भागच नव्हता. सांगणाऱ्यालाच जर कुलूप असेल तर तो काय सांगणार?

आणि वाशीकर सर, क्लोरॅम्फेनिकॉलची भीती खरी आहे, पण अर्धवट वाचण्याचा धोका तुम्ही मोजतच नाही. प्रयोग यशस्वी झाला हे सारांशात येतं, कुठल्या पाण्यात, किती तापमानाला, किती पिल्लं मेली हे आत. मी जे चुकलो ते पेपर वाचून नाही, पेपर न वाचता आल्यामुळे.

वाशीकर_केमिस्ट्री
हे पटलं. सारांशात मर्यादा लिहायची सवय आम्हालाच नाही, शब्दमर्यादा असते आणि पहिली कात्री तिथेच लागते. पुढच्या पेपरात पीएच आणि तापमान सारांशातच टाकीन, त्याला कुणाची हरकत नसते. पण सगळं खुलं करा याला अजून माझा विरोध आहे, फीचं उत्तर कुणी दिलेलं नाही. स्वतःची प्रत साठ्यात ठेवायचं ग्रंथपाल ताई म्हणतात ते मात्र करून बघतो, आमच्याकडे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

ग्रंथपाल_ठाणे
सर, प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ टाकू नका, तपासून मंजूर झालेली तुमची शेवटची वर्ड फाइल टाका, किती महिने थांबायचं ते जर्नलच्या नियमात असतं. जुन्या पेपरांचंही बघा.

खाजणवाला, बेलापूर
भाऊ आता दुपारी ३ ला पण पाणी बघतो, पीएच आणि अमोनिया दोन्ही, वहीत लिहितो. पीएच वर गेला की त्या वेळेचं खाद्य बंद आणि भरतीला उघाडी (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) काढून नवं पाणी. केमिस्ट्रीवाले सर, खाऱ्या पाण्यात टिकणारा पीएच मीटर कुठला घ्यावा? आमचा सहा महिन्यांत गेला.

वाशीकर_केमिस्ट्री
मीटर नाही हो, इलेक्ट्रोड (पाण्यात बुडवायचं टोक) गेला असेल. कोरडा ठेवता का? टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं. फोटो टाका, बघतो.