सोडून गेल्यावरही तिथे डोकावता का?

पाटपाणी
माळा आवरताना ट्रंकेत इंजिनिअरिंगची एक वही मिळाली. मागच्या पानावर पेन्सिलीने ‘ऑर्कुट’ आणि खाली एका मुलाचं नाव, पुढे 19. माझा पासवर्ड! वही नेमकी आधी नवऱ्याच्या हातात पडली, त्यामुळे काल रात्रीपासून घरात शांतता आहे.

साल 2006. ऑर्कुट म्हणजे आमचं तेव्हाचं फेसबुक. हॉस्टेलसमोर सायबर कॅफे, तासाला 15 रुपये. आम्ही तिघी मिळून एक तास घ्यायचो, म्हणजे प्रत्येकीला 20 मिनिटं. वेळ वाया जाऊ नये म्हणून स्क्रॅप, म्हणजे तिथले निरोप, आधी कागदावर लिहून न्यायचे आणि तिथे नुसते बडवायचे. मग 2010 च्या सुमारास सगळे फेसबुकवर गेले, मीही गेले. ऑर्कुटवर आधी रोज, मग रविवारी, मग फिरकलेच नाही. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. आठवड्याने कळलं आणि ‘अरेरे’ म्हणून दुपटी वाळत घालायला गेले.

आता फेसबुकचंही तेच झालंय. घरचे व्हॉट्सॲपवर, भाचरं इन्स्टावर, मी दोन्हीकडे. वही मिळाली म्हणून रात्री 14 महिन्यांनी फेसबुक उघडलं, तर त्या तिघींपैकीच एकीचा निरोप पडलेला. ‘तुझा नंबर बदललाय का गं? लागत नाही.’ मागच्या वर्षीच्या मार्चमधला.

तर तुम्ही सोडून आलेल्या जागी अजून जाता का? आणि कशासाठी?

अर्धा_कटिंग
मुलाचं नाव काय ते आधी सांगा. बाकी चर्चा नंतर.

सांडगे_मिरची
+1. आणि मैत्रिणीला फोन केलात का??

पाटपाणी
नंबरच नाहीये. तिथेच उत्तर टाकलंय, अजून बघितलेलं नाही तिने. नाव सांगणार नाही.

कल्याण_स्लो
ऑर्कुट म्हटलं की मला टेस्टिमोनियल आठवतात. कॉलेजात आम्ही एकमेकांना लिहून द्यायचो, ‘तू माझ्याबद्दल चार ओळी लिही, मी तुझ्याबद्दल लिहितो’. लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांसारखा देवघेवीचा मामला. शिवाय मित्रांनी द्यायच्या खुणा: विश्वासू असण्याचे हसरे चेहरे, कूल असण्याचे बर्फाचे खडे आणि तिसरे ते बदाम. मला बर्फ भरपूर, बदाम शून्य.
आणि साइट झोपली की ‘बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू.’ डोनट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मेदूवड्यासारखं दिसतं एवढंच ठाऊक.
बंद झाल्यावरही सप्टेंबर 2016 पर्यंत आपले स्क्रॅप, फोटो उतरवून घेता येत होते. मला आठवण झाली 2017 च्या गणपतीत.

निवांत_निवृत्त
ऑर्कुट हे त्या साइटच्या निर्मात्याचं नाव होतं, ऑर्कुट बुयुकोक्तेन. गुगलमध्ये नोकरीला असलेला तुर्की अभियंता. जानेवारी 2004 ला सुरुवात झाली. भारतात आणि ब्राझीलमध्ये जितकं चाललं तितकं बाकी कुठे चाललं नाही. आमच्या कार्यालयातल्या एका साहेबांना वाटायचं की ‘कट्टा’वरून काहीतरी आलंय. ऑर-कट्टा.

अर्धा_कटिंग
काका 😂😂

खिल्लारवाला
तुमी शहरातली माणसं सोडून गेलाय. आमच्याकडं आत्ता कुठं रंग चढलाय. खिल्लार खोंड, उस्मानाबादी शेळ्या, जुना रोटाव्हेटर, कडबाकुट्टी, सगळं फेसबुकच्या ग्रुपवर. सांगोल्याच्या बाजारात गेलं की दिवस मोडतो, टेम्पोचं भाडं येगळं. हितं घरी बसून 50 जनावरं बघून व्हतात. फकस्त एक करायचं, फोटोवर पैशे धाडायचे न्हाईत. चालवून बघायचं, दात बघायचे, मग इसार. एकदा मी फोटो बघून गेलो तर खोंड दोन वर्षं जुनं निघालं. म्हंजे फोटो दोन वर्षांपूर्वीचा.

सांडगे_मिरची
म्हणजे अगदी विवाहमंडळासारखंच की दादा!

गच्चीवरची_बाग
उस्मानाबादी शेळी गच्चीवर ठेवता येईल का? खरंच विचारतेय. सोसायटी छोटी आहे.

खिल्लारवाला
ताई ठेवता येती, पण सोसायटी ठेवून घील का ते बघा.

चिंचेचा_कोळ
आमच्या सासूबाईंचं सांगते. घरची भाताची जमीन कुळकायद्यात गेलेली, ते दुःख त्यांनी आयुष्यभर जपलं. 2009-10 ला धाकट्या दिराने फेसबुकवर फार्मव्हिल हा शेतीचा खेळ लावून दिला. झालं! ठाण्याच्या दोन खोल्यांत बसून बाईंनी एकरांनी शेती केली. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची, वेळेत काढली नाही तर वाळायची. पहाटे साडेचारचा गजर लावून उठायच्या. मी म्हणायचे देवपूजेला उठल्यात. शेजारपाजारच्यांना, व्याह्यांना, माझ्या बॉसलासुद्धा (!!) विनंत्या, की खत पाठवा, हरवलेलं वासरू सांभाळा.

नंतर आम्ही सगळे तिथून उठलो. शेजारी ओसाड पडले पण त्या एकट्या कसत राहिल्या. 31 डिसेंबर 2020 ला खेळ बंद व्हायचा होता. त्या दिवशी त्यांनी सगळं पीक काढून घेतलं, नवीन काहीच पेरलं नाही. दिराने विचारलं, का? तर म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या हाती जायची जमीन पेरून कशाला ठेवायची.’

आता 81 च्या आहेत. फेसबुक अजून उघडतात, रांगोळ्या बघतात. कुकर झाला, येते नंतर.

मुकी_मैना
आई गं. शेवटचं वाक्य.

कल्याण_स्लो
माझी शेती वाळली होती. काकूंना नमस्कार सांगा.

पोहे_विथ_तर्री
ट्विटर सोडून मॅस्टोडॉन नावाच्या तसल्याच साइटवर गेलो होतो. 2022 च्या ऑक्टोबरात मस्कने 44 अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा आम्ही सात जणांनी मोठ्या बाणेदारपणे निरोपाच्या पोस्टी टाकल्या. तिथे गेल्यावर आधी सर्व्हर निवडा म्हणे. निवडला. मग कळलं की सातही जण वेगवेगळ्या सर्व्हरवर. एकमेकांशी बोलता येतं तसं, पण शोधायलाच चार दिवस गेले. माणसं सभ्य, भांडण नाही, जाहिरात नाही. आणि नागपूरच्या माणसाला भांडणाशिवाय करमते का? तीन आठवड्यांत गुपचूप परत आलो. निरोपाची पोस्ट तशीच वर लटकत होती, खाली लोकं विचारत होते, ‘काऊन बे, गेला नाही का?’
मधे ‘कू’ या देशी ट्विटरवर पण होतो. ते 2024 च्या जुलैत बंद झालं. आता एक्सच म्हणायचं म्हणे, पण आमच्या घरी अजून ट्विटरच. नाव बदललं तरी लोक जुनंच म्हणतात, हे आपल्याला नवीन आहे का?

अर्धा_कटिंग
व्हीटी वरून आत्ताच उतरलो. सहमत.

वाळवंटातला_वडापाव
शारजात 11 वर्षं. मी फेसबुक वर्षातून एकदाच उघडतो, गावच्या जत्रेला. पोरं छबिना लाइव्ह दाखवतात. तिकडे रात्रीचे 12, इथे साडेदहा. डबल शिफ्ट असली तरी जागतो. कॅमेरा इतका हलतो की पालखीपेक्षा समोरच्याची टोपीच जास्त दिसते, पण ढोल ऐकू येतो. मागच्या वर्षी मधेच आमचं दार दिसलं. आई उंबऱ्यात आरती घेऊन उभी. दोन सेकंद. ती फोनवर रोज दिसते हो, पण ते वेगळं आणि हे वेगळं.

सांडगे_मिरची
🙏

मुकी_मैना
लिहू की नको करत होते. बाबांचं खातं अजून चालू आहे. ते 2021 च्या एप्रिलमध्ये गेले. झेडपीच्या शाळेत गणित शिकवायचे, 31 वर्षं.
त्यांचा वाढदिवस 1 जून. खरा कोणालाच माहीत नाही, शाळेत घालताना गुरुजींनी लावलेला. दर 1 जूनला त्यांचे विद्यार्थी भिंतीवर लिहितात. निम्म्यांना ते गेल्याचं माहीत आहे, निम्म्यांना नाही. ‘सर, शतायुषी व्हा.’ ‘सर, तुमच्या छडीमुळे बँकेत लागलो.’ एकाने पाढ्यांची आठवण लिहिली होती, औटकीचा (साडेतीनचा) पाढा अजून येतो म्हणून.
भाऊ म्हणतो खातं बंद कर. मी फक्त 1 जूनला तिथे जाते.

निवांत_निवृत्त
ताई, बंद करण्याऐवजी स्मृतिखातं करता येतं. मृत्यूचा दाखला वगैरे जोडावा लागतो. नावाच्या वर ‘रिमेंबरिंग’ येतं आणि मग कोणालाच आत शिरता येत नाही. हयात असताना वारस नेमायचीही सोय आहे, 2015 पासून. वारसाला फोटो बदलता येतो, निरोप मात्र वाचता येत नाहीत. मी मुलीला नेमलंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

मुकी_मैना
माहितीये काका, अर्ज अर्धा भरलाही होता. पण स्मृतिखातं झालं की वाढदिवसाची आठवण इतरांना जाणं बंद होतं. मग 1 जूनला कोण लिहिणार? म्हणून तसंच ठेवलंय.

निवांत_निवृत्त
बरोबर केलंत.

कल्याण_स्लो
1 जूनला फेसबुक उघडलं की अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. माझे दोन्ही काका आणि एक मावशीसुद्धा. (मैना, हलके घ्या. डोळे भरून आले म्हणून बोलतोय काहीतरी.)

मुकी_मैना
माझ्या मामांचाही तोच 😊

एसटी_स्टँड
अवांतर आहे पण इथे जाणकार दिसतायत. जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप नवीन फोनवर घेताना जुने मेसेज जातात का? वडिलांचा फोन आहे, ते म्हणतात एकही गुड मॉर्निंग जाता कामा नये.

पोहे_विथ_तर्री
दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर सेटिंग, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. क्यूआर स्कॅन करायचा. जुना फोन तोवर पुसू नका!!

एसटी_स्टँड
पुसला ना...

पोहे_विथ_तर्री
गुगल ड्राइव्हवर बॅकअप असेल तर येतील. नसेल तर सुप्रभात.

तिखट_शेव
तुम्ही सगळे जागा सोडून गेलात. आमची जागाच पाडली. माझी वहिनी टिकटॉकवर होती. शिवणकाम करता करता विनोदी व्हिडिओ, आमच्या मराठवाड्याच्या बोलीत. 60 हजार लोक बघायचे. 2020 च्या जूनमध्ये 59 ॲपवर बंदी आली. बंदीच्या कारणांबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण वहिनी तीन दिवस मशीनवर बसली नव्हती. नंतर इन्स्टावर तेच व्हिडिओ टाकले, 400 लोक आले. तिची बघणारी मंडळी तिथे नव्हतीच. कुणी शेतमजूर, कुणी हॉटेलात भांडी घासणारी पोरं. त्यांना कुठे शोधणार? परवा दिवशी बाजारात एक बाई तिला थांबवून म्हणाली, तुम्ही त्या ‘उसवलं की हो’वाल्या ना? घरी येऊन चारदा सांगितलं तिने.

सांडगे_मिरची
इन्स्टाचं नाव द्या की वहिनींचं, आम्ही जातो.

तिखट_शेव
विचारून सांगते. आता जरा लाजते.

गच्चीवरची_बाग
मी पण एक. गुगल प्लसवर, म्हणजे गुगलच्या फेसबुकवर, बागकामाचा सुंदर ग्रुप होता. तिथे फक्त आम्हीच होतो बहुतेक, बाकी जगाला पत्ताच नव्हता. 2019 च्या एप्रिलमध्ये बंद झालं. सगळे टेलिग्रामवर गेलो, पण तिथे गुलाबावरच्या मावा किडीचा फोटो टाकला की वर शुभ सकाळ आणि खाली शेअर बाजार. दादा, शेळीला दिवसाला चारा किती लागतो?

खिल्लारवाला
ताई, हिरवा चार किलोपत्तुर, वाळलेला किलोभर. गच्चीवरची गुलाबं मात्र पयल्या दिवशी जातील.

पाटपाणी
एवढं सगळं वाचून भांडी तशीच राहिली. मुकी मैना, काय बोलू, सुचत नाहीये. चिंचेचा कोळ, सासूबाईंचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, त्या निमित्ताने बोलणं सुरू झालं.

आणि पासवर्डचा मुलगा म्हणजे राहुल द्रविड. 19 हा जर्सीचा नंबर. आमच्याकडे सौरवभक्त असल्यामुळे शांतता होती, तुम्हाला वाटलं तसं काही नाही.

मैत्रिणीने निरोप वाचलाय. दोन निळ्या खुणा... नाही, तिथे छोटा फोटो सरकतो ना खाली, तो सरकलाय. उत्तर लिहितेय बहुतेक.

जाता जाता, फेसबुकचा पासवर्डही विसरले होते. रात्री वहीतलाच लावून बघितला, उघडलं!

अर्धा_कटिंग
अहो ताई, मग तो आधी बदला. आत्ता सगळ्यांना सांगितलात.

पाटपाणी
अरे देवा