विषय: कॉर्व्हेटच्या डॅशबोर्डवरचे तीन मेसेज काही केल्या जात नाहीत

नमस्कार मंडळी,

इथे मिशिगनमध्ये माझ्याकडे 2001 ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार आहे, सी-फाइव्ह म्हणजे पाचव्या पिढीची. हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती. एप्रिलमध्ये बाहेर काढल्यापासून ‘सर्व्हिस एबीएस’ (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ‘सर्व्हिस ट्रॅक्शन सिस्टिम’ (चाकं जागीच घसरू न देणारी) आणि ‘सर्व्हिस ॲक्टिव्ह हँडलिंग’ (गाडी भरकटू न देणारी) हे मेसेज एकामागोमाग येतात. रिसेट दाबलं की जातात, दहा मिनिटांत परत हजर. एका मेकॅनिकने गाडी न तपासताच एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) बदलायला सांगितलंय. कोणाला अनुभव आहे का?

— नोव्हायहून

विषय: उत्तर: कॉर्व्हेटच्या डॅशबोर्डवरचे तीन मेसेज

अरे, मॉड्यूलला इतक्यात हात लावू नकोस! या गाडीचं नवं मॉड्यूल मिळणं कठीण, आणि जुनं घेतलंस तर त्याचा तरी काय भरवसा?

मेसेज तीन असले तरी बिघाड बहुधा एकच असतो. चाकांच्या वेगाचे सिग्नल तिन्ही यंत्रणा वापरतात, त्यामुळे एका चाकाचा सिग्नल तुटला की तिन्ही बंद पडतात. साधे ब्रेक चालू राहतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबलेस तर चाकं लॉक होतील. तेव्हा पावसात गाडी काढू नकोस. आणि ब्रेकचा लाल दिवा लागला तर अजिबात चालवू नकोस.

आधी बॅटरी बघ. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. हिवाळ्यात बॅटरी उतरली की ही गाडी बिघाडाचे खोटेनाटे कोड साठवते. टर्मिनल काढून घास, अर्थिंगचे बोल्टही साफ कर. बर्फासाठी आपल्याकडच्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने तिथे गंज चढतो.

मग कोड वाच, त्याला स्कॅनर लागत नाही. इंजिन बंद, इग्निशन ऑन. रिसेट दाबून मेसेज घालव, ‘ऑप्शन्स’ दाबून धर आणि ‘फ्युएल’ चारदा दाब. गाडी एकेक मॉड्यूल दाखवत जाईल. तुझ्या कामाचं 28, टीसीएस, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचं. कोडपुढे एच असेल तर तो जुना, सी असेल तर बिघाड आत्ताही आहे. सगळे लिहून घे, पुसून टाक, गाडी फिरवून आण आणि परत वाच. परत येईल त्याचाच पाठलाग करायचा.

सी1221 ते सी1228 यांतला कोड आला तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर. 1221 आणि 1225 डावं पुढचं, 1222 आणि 1226 उजवं पुढचं. सेन्सर हबमध्येच, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातच असतो. गाडी स्टँडवर नीट टेकवून हबचा कनेक्टर काढ, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेव आणि चाक हाताने फिरव. आकडा हलला पाहिजे. मल्टिमीटर नसेल तर माझा घेऊन जा.

— काका, ट्रॉय

विषय: उत्तर: उत्तर: कॉर्व्हेटच्या डॅशबोर्डवरचे तीन मेसेज

काका, सापडलं! बॅटरी 12.1 दाखवत होती, ती बदलली. कोड पुसून फिरवून आणली, तर बाकीचे सगळे गेले आणि एकटा सी1226 सी उरला.

उजव्या चाकाच्या हबपाशी मोजलं तर सिग्नल व्यवस्थित. पण हबपासून चॅसीकडे जाणारी छोटी वायर जोडून पलीकडच्या टोकाला मोजलं, आणि वायर वाकवली की आकडा शून्य! स्टिअरिंग वळवताना वाकून वाकून ती आतून तुटली होती. हब तसाच ठेवून फक्त ती वायर बदलली. दोन आठवडे झाले, एकही मेसेज नाही. काल पावसातही चालवली.

तुमचा मल्टिमीटर शनिवारी आणून देतो. काकूंना गाडीत बसवून चक्कर मारायचीय, त्यांना सांगून ठेवा.

— नोव्हायहून